दातांची कीड आणि माऊथवॉश: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

औषधाच्या दुकानातून माऊथवॉशची बाटली घेणारे बहुतेक जण दोनच कारणं सांगतात: तोंडाला वास येतो, नाहीतर दाढ किडली आहे. वासाचं पुढे येईलच. इथे मुख्य प्रश्न किडीचा आहे, कारण त्या बाबतीत बाटलीकडून चुकीच्या गोष्टीची अपेक्षा ठेवली जाते आणि खऱ्या उपयोगाची गोष्ट लेबलवर असूनही वाचली जात नाही.

दात किडवणारे जीवाणू माऊथवॉशने मरतात का?

काही मरतात. पण ज्यांच्यामुळे कीड लागते, त्यातले बरेच वाचतात, आणि ते राहतात त्या जागेमुळे वाचतात. लाळेत तरंगणारा जीवाणू औषधाच्या सहज तावडीत सापडतो. दात किडवणारे मात्र दाताला चिकटलेल्या थराच्या आत असतात. सकाळी ब्रश करण्याआधी हिरडीच्या कडेने नख फिरवा. नखात जे पांढुरकं, मऊ, लोण्यासारखं येतं, तोच हा थर. त्यालाच डॉक्टर प्लाक म्हणतात.

या थरातला सगळ्यात बदनाम जीवाणू म्हणजे स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्स. 1924 मध्ये जे. किलियन क्लार्क यांनी तो किडलेल्या दातांतून वेगळा करून त्याला हे नाव दिलं. त्याची खोड अशी, की साखर मिळाली की तो एकीकडे आम्ल तयार करतो आणि दुसरीकडे त्याच साखरेपासून डिंकासारखा चिकट पदार्थ बनवतो. या डिंकात तो स्वतः रुततो आणि शेजारच्या जीवाणूंनाही धरून ठेवतो. तोंडात 30 सेकंद घोळवलेलं औषध या डिंकाच्या वरच्या पदरात जातं, खालपर्यंत जेमतेम पोचतं. थरातल्या जीवाणूंना मारायला कित्येकदा तरंगत्या जीवाणूंच्या शेकडो पट तीव्र औषध लागतं, आणि तेवढं तीव्र औषध तोंडात धरता येत नाही.

दुसरी अडचण दाढांच्या खाचांची. दाढेच्या चावण्याच्या बाजूला ज्या बारीक रेघा दिसतात, त्यातल्या काही ब्रशच्या केसापेक्षाही अरुंद असतात. दोन दातांच्या चिकटलेल्या बाजूंचंही तेच. मुलांच्या दाढा नेमक्या तिथेच किडतात.

हे घरी पाहता येईल का?

येईल, आणि एकदा जरूर पाहावं. दोन चमचे पाण्यात खाण्याच्या लाल रंगाचे 2-3 थेंब टाका. ओठांना व्हॅसलिन लावा, नाहीतर ओठ दिवसभर लाल राहतील. हे पाणी अर्धा मिनिट तोंडात घोळवून थुंका, मग साध्या पाण्याने एकदाच चूळ भरा. आरशात हिरडीच्या कडेला आणि दातांच्या मधल्या फटींत जे लाल-गुलाबी राहिलं, तो थर. आता माऊथवॉशने पूर्ण एक मिनिट खळखळून चूळ भरा आणि पुन्हा बघा. रंग थोडा फिका होईल, पण पट्टा जागच्या जागी राहील. मग ब्रश घ्या, केस हिरडीकडे तिरके धरून छोट्या गोल हालचालींत फिरवा. पट्टा गेला. चूळ काय करते आणि घासणं काय करतं, यातला फरक मुलांना समजावायला याहून सोपा मार्ग नाही. पांढऱ्या बेसिनवर मात्र लगेच पाणी टाका.

मग बाटलीवर लिहिलेलं "99.9% जंतू मारते" खोटं आहे का?

खोटं म्हणता येणार नाही, पण ते परीक्षानळीतल्या जंतूंबद्दल असतं. आणि तो आकडाही हिशेबाने पाहा. एक मिलिलिटर लाळेत साधारण 10 कोटी जीवाणू असतात. त्यातले 99.9% मेले असं धरलं तरी 1 लाख उरतात. जीवाणू एकाचे दोन, दोनाचे चार असे वाढतात, म्हणजे 10 वेळा दुप्पट झाले की पुन्हा हजारपट, मूळ संख्येला परत. शिवाय थरातून आणि जिभेवरून नवी भरती चालूच असते. म्हणून निव्वळ मारण्यावर भिस्त ठेवणारा उपाय किडीच्या बाबतीत टिकत नाही.

जीवाणू मारणं महत्त्वाचं नसेल, तर कीड थांबते कशाने?

कीड म्हणजे आम्लाने दातातलं खनिज विरघळणं. थराखालचा सामू (म्हणजे पीएच; हा आकडा जितका कमी, तितकं आम्ल जास्त) 5.5 च्या खाली गेला की दाताचं वरचं कवच, म्हणजे इनॅमल, कॅल्शियम आणि फॉस्फेट सोडू लागतं. हिरडी खाली सरकून मूळ उघडं पडलं असेल तर तिथे सामू 6.2 ते 6.7 च्या दरम्यान असतानाच विरघळणं सुरू होतं. गोड खाल्ल्यावर 5 ते 10 मिनिटांत सामू तळाला जातो आणि लाळ त्याला हळूहळू वर आणते. त्याला साधारण अर्धा ते एक तास लागतो. सामू वर आला की लाळेतलं खनिज पुन्हा दातात बसतं. ही ये-जा रोज चालते. विरघळणं भरून येण्यापेक्षा जास्त झालं, की खड्डा पडतो.

आता एक साधा दिवस घ्या. सकाळी 7 ला साखरेचा चहा आणि बिस्कीट, 9 ला तर्री पोहे आणि पुन्हा चहा, 11 ला ऑफिसात चहा, 4 ला चहा, 6 ला उसाचा रस, रात्री जेवणानंतर संत्रा बर्फीचा तुकडा. साखर फार नाही, पण सहा वेळा सामू खाली गेला. तीच साखर जेवणाबरोबर दोनदा घेतली असती तर दोनदाच गेला असता. किती खाल्लं यापेक्षा किती वेळा खाल्लं, हे दाताला जास्त जाणवतं. होळीच्या गाठ्या हे याचं नमुनेदार उदाहरण: मूल एक गाठी दिवसभर चोखत फिरतं आणि तोंडातलं आम्ल कमी होतच नाही. गाठी जेवणानंतर लगेच चावून खाऊन टाकू द्या, वर पाणी प्यायला द्या. सण सोडायची गरज नाही.

या खेचाखेचीत दाताच्या बाजूने उभं राहणारं द्रव्य म्हणजे फ्लुराइड. ते खनिज परत बसायला मदत करतं आणि बसलेलं खनिज आम्लाला जास्त चिवट करतं. म्हणून किडीसाठी माऊथवॉश घ्यायचा असेल, तर "किती जंतू मारतो" हे वाचू नका. "फ्लुराइड आहे का, आणि किती" हे वाचा.

दुकानात इतक्या बाटल्या असतात. लेबलवर नेमकं काय बघायचं?

बाटली उलटी करा. पुढच्या बाजूला "फ्रेश", "कूल", "टोटल" असं काही असेल, त्याकडे लक्ष देऊ नका. मागच्या बारीक अक्षरांत पुढच्यापैकी एखादं नाव सापडेल.

सोडियम फ्लुराइड 0.05%: रोज वापरायचा फ्लुराइड माऊथवॉश. यात फ्लुराइड साधारण 225 पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत 225 भाग, असतं. किडीसाठी ज्याच्या बाजूने भक्कम पुरावा आहे तो हाच. मुलं आणि किशोरवयीनांवरच्या चाचण्यांचा कॉक्रेन संस्थेने 2016 मध्ये एकत्र आढावा घेतला. देखरेखीखाली नियमित चूळ भरणाऱ्यांमध्ये पक्क्या दातांच्या पृष्ठभागांवरची कीड सरासरी 27% कमी आढळली.

क्लोरहेक्झिडिन 0.2% किंवा 0.12%: जीवाणूंवर सगळ्यात प्रभावी. तोंडातल्या पृष्ठभागांना चिकटून ते तासन्‌तास काम करत राहतं. पण हे हिरड्यांचं औषध आहे. हिरड्यांची सूज, शस्त्रक्रियेनंतरचे दिवस, ब्रश लावता येत नाही अशी अवस्था, यासाठी ते दिलं जातं. किडीसाठी याची चूळ उपयोगी पडते असं सिद्ध झालेलं नाही. 2011 मध्ये अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या तज्ज्ञ समितीने किडीच्या प्रतिबंधासाठी 0.12% क्लोरहेक्झिडिनची चूळ वापरू नये अशीच शिफारस केली. म्युटन्सची संख्या कमी होते हे खरं, पण औषध थांबलं की काही आठवड्यांत-महिन्यांत खाचांमधून तो पुन्हा पसरतो.

सेटिलपायरिडिनियम क्लोराइड, लेबलवर बहुधा सीपीसी: प्लाक आणि वासावर मध्यम असर, किडीवर भरवसा ठेवण्याजोगा नाही. सोबत फ्लुराइड असेल तर गोष्ट वेगळी.

थायमॉल, मेंथॉल, युकॅलिप्टॉल, मिथाइल सॅलिसिलेट: हा 1879 मध्ये आलेल्या लिस्टरीनचा जुना मसाला. हिरड्यांसाठी बरा. बऱ्याच प्रकारांत अल्कोहोल असतं.

यातलं काहीच नसेल, नुसता सुवास आणि रंग असेल, तर तुम्ही गोड वासाचं पाणी विकत घेत आहात.

एक घोळ सांभाळा. "0.2%" हा आकडा दोन वेगळ्या बाटल्यांवर असतो. क्लोरहेक्झिडिन 0.2% हे डॉक्टरांनी सांगितलं तर काही दिवस, दिवसातून दोनदा. सोडियम फ्लुराइड 0.2% हे सुमारे 900 पीपीएम, आणि ते आठवड्यातून एकदाच वापरायचं असतं. आकडा पाहून नाही, नाव पाहून बाटली घ्या.

क्लोरहेक्झिडिनच्या बाटलीवर 1% पण लिहिलंय आणि 0.2% पण. खरं कोणतं?

दोन्ही. मूळ क्लोरहेक्झिडिन ग्लुकोनेटचं द्रावण 20% तीव्रतेचं येतं. त्याचा 1 भाग 100 भागांत मिसळला की शेवटी 0.2% उरतं. तोंडात जातं ते 0.2%. त्यामुळे "1% आहे, म्हणजे पाच पट पाणी घालावं" असा हिशेब करू नका. काही बाटल्यांवर समान पाणी मिसळायला सांगितलेलं असतं, काहींवर तसंच वापरायला. त्या बाटलीवर जे असेल ते, किंवा चिठ्ठीवर डॉक्टरांनी लिहिलेलं.

डॉक्टरांनी क्लोरहेक्झिडिन दिलंय. कसं वापरायचं आणि काय चुकतं?

ब्रश करा, तोंड पाण्याने नीट धुवा, आणि मग निदान अर्धा तास थांबा. इथेच सगळ्यात जास्त चुकतं. पेस्टमध्ये फेस आणणारं सोडियम लॉरिल सल्फेट असतं. क्लोरहेक्झिडिनचे रेणू धन भाराचे, हा फेस ऋण भाराचा. दोघं एकमेकांना धरून बसतात आणि औषध दाताला चिकटायच्या आधीच निकामी होतं. पेस्टमधल्या सोडियम मोनोफ्लुरोफॉस्फेटचाही तसाच अडथळा होतो. ब्रश झाल्या झाल्या चूळ भरली तर बाटलीचे पैसे बेसिनात गेले असं समजा.

अर्ध्या तासानंतर बाटलीच्या टोपीने 10 मिलि मोजा (0.12% चं असेल तर 15 मिलि), 30 सेकंद ते 1 मिनिट गालांमधून आणि दातांच्या फटींतून घोळवा, थुंका. गिळू नका. त्यानंतर लगेच पाण्याने चूळ भरू नका. कडूपणा जावा म्हणून भरावीशी वाटते, पण पाण्याने तो आणखी जाणवतो आणि औषधही वाहून जातं. पुढचा तासभर चहा-कॉफी नको. चहातला रंग औषधाशी मिळून दातांवर आणि जिभेवर तपकिरी डाग धरतो. रात्रीची चूळ झोपण्याआधी सगळ्यात शेवटी घ्यावी, म्हणजे हा प्रश्नच येत नाही.

डाग पडलेच तर घाबरू नका. क्लिनिंग आणि पॉलिशने बहुतेक निघतात. पांढऱ्या सिमेंटच्या कडांना धरलेले मात्र चिवट असतात. चव काही दिवस बदलते, खास करून मिठाची. दातांवरचं कडक कीटण थोडं जास्त जमतं. चूळ भरताना टॉवेलवर थेंब उडाले असतील तर तो टॉवेल ब्लीचमध्ये भिजवू नका, तपकिरी डाग कायमचे बसतात. आणि खाज, ओठ सुजणं, श्वास लागणं असं काही झालं, तर औषध बंद करून थेट दवाखाना गाठा. ही ॲलर्जी क्वचित होते, पण झाली तर गंभीर असते.

साधारण 2 आठवड्यांपलीकडे स्वतःच्या मनाने चालू ठेवू नका. तोंडातले सगळेच जीवाणू वाईट नसतात. जिभेवरचे काही जीवाणू पालेभाज्यांतल्या नायट्रेटपासून रक्तदाब आटोक्यात ठेवायला मदत करणारं द्रव्य बनवतात, आणि क्लोरहेक्झिडिनच्या चुळींनंतर रक्तदाब किंचित वाढल्याचं छोट्या अभ्यासांत दिसलं आहे.

फ्लुराइड माऊथवॉश ब्रशनंतर लगेच घ्यावा का?

नको. फ्लुराइड पेस्टमध्ये साधारण 1000 पीपीएम फ्लुराइड असतं. ब्रश झाल्यावर दातांवर राहिलेला तो पातळ लेप 225 पीपीएमच्या पाण्याने धुऊन काढणं म्हणजे भरलेलं ताट उचलून अर्धी वाटी वाढणं. ब्रशनंतर नुसतं थुंका, पाण्याने खळखळून चूळसुद्धा भरू नका. लहानपणापासूनची सवय असल्याने सुरुवातीला विचित्र वाटतं, आठवड्याभरात अंगवळणी पडतं. (वर सांगितलेलं क्लोरहेक्झिडिन चालू असेल तेवढे दिवस मात्र तोंड धुवावं लागतं.)

माऊथवॉशची वेळ वेगळी ठेवा. दुपारच्या जेवणानंतर किंवा शाळेतून आल्यावर उत्तम. 10 मिलि, घड्याळ लावून 1 मिनिट, थुंका, आणि पुढे 30 मिनिटं काही खाऊ-पिऊ नका, पाणीही नाही. रोज एकाच वेळी. आठवड्यातून तीनदा आठवण आली की भरणाऱ्याला फारसा फायदा नाही.

आणि मुळात तुमच्या पेस्टमध्ये फ्लुराइड आहे का, हे आधी बघा. अनेक आयुर्वेदिक म्हणून विकल्या जाणाऱ्या पेस्टमध्ये ते नसतं. महागडा माऊथवॉश आणि बिनफ्लुराइडची पेस्ट, हा सौदा उलटा आहे. आधी पेस्ट बदला.

फ्लुराइड माऊथवॉश खरं कोणाला लागतो?

फ्लुराइड पेस्टने दिवसातून दोनदा घासणाऱ्या आणि गेल्या दोन-तीन वर्षांत नवी कीड न लागलेल्या माणसाला बहुधा लागत नाही. लागतो तो यांना: दातांना तारा लावलेली मुलं (ब्रॅकेटभोवती खडूसारखे पांढरे चौकोन उमटायला लागतात), वर्षात दोन-तीन दाढा किडलेले, हिरड्या सरकून मुळं उघडी पडलेली ज्येष्ठ मंडळी, आणि ज्यांचं तोंड सतत कोरडं असतं ते. डोक्या-मानेला रेडिएशन घेतलेल्यांना तर याहून तीव्र फ्लुराइड डॉक्टर लिहून देतात.

आमच्याकडे बोअरचं पाणी आहे, फ्लुराइड जास्त असल्याचं ऐकतो. मग माऊथवॉशमधलं चालेल?

विदर्भात हा प्रश्न रास्त आहे. चंद्रपूर, यवतमाळ आणि आसपासच्या काही गावांत भूजलात फ्लुराइड जास्त आहे आणि दातांवर पांढरे-तपकिरी पट्टे असलेली माणसं तिथे दिसतात. नागपूर शहराला नळाने येणारं पाणी मुख्यतः पेंच आणि कन्हानचं, म्हणजे भूपृष्ठावरचं. अशा पाण्यात फ्लुराइड सहसा कमी असतं. पिण्याच्या पाण्यात मर्यादा लिटरला 1 मिलिग्रॅम, दुसरा स्रोतच नसेल तर 1.5 पर्यंत. बोअरचं पाणी पीत असाल तर जिल्ह्याच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत एकदा तपासून घ्या. अंदाजाने बोलण्यात अर्थ नाही.

पट्टे पडतात ते दात हाडात तयार होत असताना, लहानपणी, पोटात गेलेल्या फ्लुराइडमुळे. मोठ्या माणसाने चूळ भरून थुंकलेल्या माऊथवॉशने ते पडत नाहीत. पाण्यात फ्लुराइड जास्त असलेल्या घरात लहान मुलाला मात्र दंतवैद्याला विचारल्याशिवाय काही सुरू करू नका. आणि आधीच पडलेले पट्टे म्हणजे कीड नाही, कुठल्याही माऊथवॉशने ते जाणार नाहीत.

मुलांना कोणत्या वयापासून द्यावा?

6 वर्षांच्या आत अजिबात नाही. त्या वयात थुंकण्यापेक्षा गिळणं सोपं असतं. सहाव्या वर्षानंतरही आधी साध्या पाण्याची परीक्षा घ्या: 10 मिलि पाणी मोजून तोंडात द्या, मिनिटभर घोळवून कपात थुंकायला लावा. जवळपास सगळं परत आलं तर मूल तयार आहे. पहिले काही महिने शेजारी उभं राहा. पेस्टचं प्रमाण 3 वर्षांच्या आत तांदळाच्या दाण्याएवढं, 3 ते 6 मध्ये वाटाण्याएवढं. जाहिरातीत ब्रशभर लाट दाखवतात तशी नाही.

दाढांच्या खाचांसाठी मुलांना माऊथवॉशपेक्षा सीलंट, म्हणजे खाचा बुजवणारा लेप, कितीतरी उपयोगी. सहाव्या-सातव्या वर्षी दुधाच्या दाढांच्या मागे पहिली पक्की दाढ येते. अनेक आई-वडिलांना तीही दुधाचीच वाटते आणि ती तशीच किडू दिली जाते. ती पूर्ण वर आली की खाचा सीलंटने बुजवून घ्या. इंजेक्शन नाही, ड्रिल नाही, एका दाढेला काही मिनिटं. नागपुरात मेडिकल चौकाजवळच्या शासकीय दंत महाविद्यालयात मुलांच्या दातांचा वेगळा विभाग आहे.

मुलाने बाटली तोंडाला लावून प्यायली तर?

हे उत्तर आधीच वाचून ठेवा. 0.05% सोडियम फ्लुराइडच्या 250 मिलि बाटलीत सुमारे 56 मिलिग्रॅम फ्लुराइड असतं. शरीराच्या दर किलोमागे 5 मिलिग्रॅम पोटात गेलं तर तातडीने दवाखान्यात न्यावं लागतं. म्हणजे 10 किलोच्या बाळासाठी धोक्याची रेषा 50 मिलिग्रॅम, एका भरलेल्या बाटलीपेक्षा कमी. एखादा घोट गेला तर दूध पाजा, दुधातलं कॅल्शियम फ्लुराइडला धरून ठेवतं, आणि लक्ष ठेवा. जास्त गेलं असेल, किती गेलं ते कळत नसेल, उलटी किंवा पोटदुखी असेल, तर दूध पाजून थेट इस्पितळात न्या आणि बाटली सोबत घ्या. मुद्दाम उलटी करवू नका. अल्कोहोलवाला माऊथवॉश असेल तर लहान मुलाची रक्तातली साखर झपाट्याने उतरू शकते, त्यामुळे तिथे वाट पाहूच नका. बाटली बेसिनवर नव्हे, वरच्या बंद कप्प्यात.

मिठाचं पाणी, ओव्याचं फूल, खोबरेल तेल यांनी काम होईल का?

मीठ: कोमट पाण्याच्या पेल्यात अर्धा चमचा. दात काढल्यावर दुसऱ्या दिवसापासून, हिरडी दुखत असताना, आराम देतं. कीड थांबवत नाही.

खाण्याचा सोडा: पेलाभर पाण्यात अर्धा ते एक चमचा. हा आम्ल मारतो, म्हणून वारंवार उलट्या होणाऱ्या गरोदर बाईला किंवा आम्लपित्ताने तोंडात आंबट पाणी येणाऱ्याला उलटीनंतर लगेच ब्रश करण्याऐवजी याची चूळ फार उपयोगाची. स्वस्त आहे, घरात आहे, आणि या कामात चांगला आहे.

ओव्याचं फूल: नागपूरच्या इतवारीत मसाल्याच्या दुकानात मिळणारे ते पांढरे स्फटिक म्हणजे थायमॉलच, परदेशी माऊथवॉशमध्ये असतो तोच. पण बाटलीत तो अगदी नगण्य प्रमाणात, मोजून असतो. घरी अंदाजाने टाकलेला स्फटिक गाल भाजून काढतो. दुखऱ्या दाढेवर थेट ठेवायची जुनी सवय तर नक्की सोडा.

तेल घोळवणं: गंडूष-कवल आपल्याकडे जुनंच आहे. छोट्या अभ्यासांत प्लाक थोडा कमी झाल्याचं दिसतं, कीड कमी झाल्याचं नाही. करायचंच तर एक मोठा चमचा, ब्रशला पर्याय म्हणून नाही, आणि ठसका लागणाऱ्या वृद्धांनी करू नये, तेल फुप्फुसात जाऊ शकतं. थुंका कागदात, बेसिनात नाही: डिसेंबरच्या थंडीत खोबरेल पाइपात गोठून बसतं.

उन्हाळ्यात तोंड कोरडं पडतं. माऊथवॉशने बरं वाटतं, पण चालेल ना?

अल्कोहोल नसलेलाच घ्या. मे महिन्यात विदर्भात पारा 45 च्या वर जातो, घाम निघतो, लाळ घट्ट आणि कमी होते. लाळ हीच आम्ल धुणारी आणि खनिज परत आणणारी. त्यात अल्कोहोलच्या चुळीने तोंड आणखी कोरडं आणि आगआग. रक्तदाब, नैराश्य, सर्दी-ॲलर्जी यांच्या काही गोळ्यांनीही लाळ आटते, मधुमेह ताब्यात नसेल तरीही. कोरडं तोंड घेऊन दिवसभर सरबत किंवा रस घोट-घोट पिणं हा किडीसाठी सगळ्यात वाईट योग आहे. तहानेला पाणी किंवा बिनसाखरेचं ताक. रस प्यायचा तर एका बैठकीत संपवा.

संत्र्याबद्दलही विचारलं जातं. फळ खा, खुशाल खा. ते आंबट असल्यामुळे खाल्ल्यावर साध्या पाण्याने चूळ भरा आणि अर्धा तास ब्रश लावू नका, इनॅमल तेवढा वेळ मऊ असतं.

खर्रा खातो. नंतर माऊथवॉश केला की नुकसान टळतं का?

नाही. हे स्पष्ट सांगायला हवं. सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीवर घोटून गालात तासन्‌तास धरला, की जे व्हायचं ते गालाच्या कातडीत होतं, आणि तिथे चूळ पोचत नाही. माऊथवॉशने फक्त वास झाकला जातो, आणि वास झाकला की घरच्यांच्या लक्षात यायला उशीर होतो. दातांचंही होतं ते असं: सुपारीने दात झिजतात, ठेवायच्या जागी हिरडी सरकते, मूळ उघडं पडतं आणि मुळाशी कीड लागते.

आरशासमोर तोंड उघडा आणि स्वतःची तीन बोटं उभी आत घाला. जात नसतील, तिखट सहन होत नसेल, गालाच्या आत पांढरट कडक पट्टे लागत असतील, किंवा पांढरा-लाल चट्टा अथवा जखम 2-3 आठवड्यांत भरत नसेल, तर बाटली ठेवा बाजूला आणि याच आठवड्यात दाखवा. सोडायचं असेल तर तंबाखूमुक्तीसाठी केंद्र सरकारची मोफत हेल्पलाइन आहे: 1800-11-2356.

खड्डा पडलाय. माऊथवॉशने भरून येईल?

खडूसारखा पांढरा डाग असेल, पृष्ठभाग अजून अखंड असेल, तर फ्लुराइडने आणि गोड खाण्याच्या वेळा कमी करून तो तिथेच थांबू शकतो, कडक होऊ शकतो. जीभ अडकते इतका खड्डा असेल तर नाही. तो सिमेंटनेच भरावा लागतो. थंड पाण्याने क्षणभर कळ येते तोवर बहुधा सिमेंटवर भागतं. रात्री झोपेतून उठवणारा ठणका सुरू झाला की रूट कॅनालची वेळ आलेली असते. मधले काही महिने लोक माऊथवॉश बदलत काढतात, आणि खर्च कित्येक पटींनी वाढतो तो याच महिन्यांत.

तोंडाचा वास?

बहुतेकदा जिभेच्या मागच्या भागावरचा थर किंवा हिरड्यांतला पू. जीभ उलीने रोज मागपर्यंत साफ करा, कीटण काढून घ्या. तरी राहिला तर किडलेली दाढ, टॉन्सिल, सायनस तपासून घ्या.

उघडलेली बाटली किती दिवस चालते?

बाटलीवरची तारीख आणि साठवणीचं तापमान पाहा, बहुधा 25 किंवा 30 अंशांच्या खाली लिहिलेलं असतं. आपल्या उन्हाळ्यात गाडीच्या डिकीत किंवा गच्चीलगतच्या बाथरूममध्ये ते पाळलं जात नाही. घरातल्या थंड, अंधाऱ्या कपाटात ठेवा. बाटलीला तोंड लावू नका, टोपीत घेतलेलं उरलं तर परत ओतू नका. आणि दंतवैद्याकडे जाताना वापरात असलेली बाटली आणि पेस्ट दोन्ही पिशवीत टाकून न्या. नाव आठवत बसण्यापेक्षा डॉक्टरांना लेबल वाचू देणं लवकर होतं.